साठा खाणारा धंदा की झऱ्यावर चालणारा? निसर्गसंवर्धनात करिअर, आणि तेही आष्टीतून



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण "पर्यावरणात करिअर" हा विषय घेतला. व्हिडिओत वेळ कमी असतो, हिशेब मांडता येत नाही. म्हणून हा लेखी पाठ. वही-पेन घेऊन बसा, मध्ये मध्ये आकडेमोड आहे.

या विषयावर तरुण मंडळी दोनच गोष्टी विचारतात. पहिली, "यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागेल का?" दुसरी, "यात पैसा आहे का, की नुसती समाजसेवा?" दोन्हीची उत्तरं आज आपल्या आष्टी (शहीद) तालुक्यात उभं राहूनच शोधू. तुम्ही दुसऱ्या तालुक्यातले असाल तर आष्टीच्या जागी तुमच्या गावाचं नाव घाला. पद्धत तीच आहे.

१. आधी एक हिशेबनीस भेटू द्या

वर्धा म्हटलं की आपल्याला गांधीजी आणि सेवाग्राम आठवतं. पण धंदा शिकणाऱ्यांनी वर्ध्याचं आणखी एक नाव लक्षात ठेवायला हवं, ते म्हणजे जे. सी. कुमारप्पा. मूळचे तमिळ. लंडनमध्ये हिशेबतपासणीचं शिक्षण घेतलेलं, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून कुमारप्पांनी त्याचा कारभार पाहिला. आज त्याच मगनवाडीत ग्रामीण उद्योगांसाठी काम करणारी केंद्र सरकारची संस्था, एमगिरी, आहे. शेजारी मगन संग्रहालय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी गेलात तर दोन्ही बघून या.

कुमारप्पांनी १९४५ मध्ये 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे पुस्तक लिहिलं, तेही तुरुंगात असताना. त्यांच्या विचारातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. निसर्गाकडून माणूस दोन प्रकारे घेतो. एक, साठ्यातून. खाणीतला कोळसा काढला की तेवढा कमी झाला, तो परत भरत नाही. दुसरा, झऱ्यातून. जंगलात वर्षभरात जेवढं लाकूड वाढतं तेवढंच घेतलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा मिळतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर साठा म्हणजे मुद्दल आणि झरा म्हणजे व्याज. व्याजावर चालणारा धंदा नातवापर्यंत टिकतो. मुद्दल खाणारा धंदा पहिली काही वर्षं जास्त फायद्याचा दिसतो, आणि तिथेच माणूस फसतो.

आजच्या पाठाचं सूत्र लिहून घ्या: निसर्गसंवर्धन हा धंदा म्हणून करायचा, तर तुमची कमाई मुद्दल वाचण्याशी जोडलेली पाहिजे. आणि व्याज किती काढायचं याची मर्यादा गावाकडून ठरवून घेता आली, की तुम्ही पुढारी झालात.

२. आष्टीचं मुद्दल कुठं आहे?

आपल्याकडे संत्रा आहे, कापूस आहे, सोयाबीन आणि तूर आहे. एका अंगाला वर्धा नदी, तिच्यावर अप्पर वर्धा धरण. बाजूला जंगल. जनावरांत गवळाऊ गाय, जी या भागाची ओळख आहे. पण या सगळ्यांच्या मुळाशी एकच मुद्दल आहे, जमिनीखालचं पाणी.

आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. हा दगड स्पंजासारखा नसतो. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. म्हणून विहीर पावसाळ्यात लवकर भरते आणि उन्हाळ्यात लवकर तळाला जाते. बोअर खोल नेला म्हणजे पाणी वाढलंच असं नाही. पुष्कळदा आपण शेजाऱ्याच्याच भेगेतलं पाणी खालून ओढत असतो.

आता आकडेमोड. १ हेक्टरवर १ मिलीमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं. हे पाठ करा, आयुष्यभर कामाला येईल.

समजा गावाचं शिवार ५०० हेक्टर आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण १००० मिमी पाऊस धरू. म्हणजे शिवारावर पडलं ५०० कोटी लिटर.

गावात माणसं १०००. माणशी रोज ५५ लिटर धरलं तर वर्षाला पिण्या-वापरायला लागतं सुमारे २ कोटी लिटर.

पडतं ५०० कोटी, लागतं २ कोटी. तरी मे महिन्यात टँकर का येतो? कारण पडलेल्यातलं बरंचसं वाहून जातं, बरंचसं वाफ होतं, पिकं-झाडं घेतात, आणि मुरतं त्यातला थोडाच भाग. जे मुरलं, त्यावर आपण मोटारी लावतो.

मोटारीचा हिशेब बघा. समजा गावात १०० एकर संत्रा आहे आणि पावसाशिवाय वर्षभरात बागेला वरून ५०० मिमी इतकं पाणी दिलं. एका एकराला ते होतं सुमारे २० लाख लिटर. १०० एकरांना २० कोटी. म्हणजे गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या दहापट! यात संत्रा वाईट आहे असं म्हणायचं नाही. संत्र्यानेच आपली घरं उभी केली. मुद्दा असा की पाण्याचा खरा ग्राहक बाग आहे. म्हणून पाणी वाचवण्याचा धंदाही बागेतच आहे.

३. करिअरच्या तीन वाटा

पहिली वाट: नोकरी. पाणलोट विकास, वनहक्क, शाश्वत शेती यांवर काम करणाऱ्या संस्था, कंपन्यांच्या सामाजिक निधीतले प्रकल्प, सरकारचे मृद व जलसंधारण, कृषी आणि वन विभाग. यासाठी कृषी, कृषी अभियांत्रिकी, भूगर्भशास्त्र, वनशास्त्र, समाजकार्य यांपैकी शिक्षण उपयोगी पडतं. विदर्भात अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. प्रकल्पाची नोकरी बहुधा दोन-तीन वर्षांच्या कराराची असते, हे मात्र माहीत असू द्या. ती शिकायला उत्तम. तिथून पुढे काय, हे आधीच ठरवा.

दुसरी वाट: सेवा. ठिबक संचाची देखभाल, विहिरीची पातळी मोजून नोंद ठेवणं, माती परीक्षणाचे नमुने घेणं, उतार मोजून समतल चर आखून देणं, शेततळ्याची आखणी, देशी झाडांची रोपवाटिका, कंपोस्ट. भांडवल थोडं लागतं, कौशल्य जास्त. तीन काठ्यांची 'ए' फ्रेम आणि ओळंबा घेऊन समतल रेषा कशी काढायची हे दोन दिवसांत शिकता येतं.

तिसरी वाट: माल. सीताफळ, मोह, बांबू, मध, गवळाऊचं दूध-तूप. यात कमाई मोठी होऊ शकते, पण माल जर जंगलातला असेल तर तो तुमच्या एकट्याचा नाही. त्यावर गावाचा आणि कायद्याचा हक्क आहे. त्याबद्दल खाली सांगतो.

४. आपल्या आसपास कुणी करून दाखवलं?

काकडदरा, ता. आर्वी. आपल्या शेजारच्या तालुक्यातलं छोटं आदिवासी गाव. पाणी फाउंडेशनच्या २०१७ च्या सत्यमेव जयते वॉटर कपमध्ये या गावाने राज्यात पहिला नंबर काढला आणि ५० लाखांचं बक्षीस मिळवलं. ४५ दिवसांची स्पर्धा, ऐन उन्हाळ्यात. या गावाकडे ना मोठी जमीन होती ना पैसा. भांडवल होतं श्रमाचं आणि एकीचं. धंदा शिकणाऱ्यांसाठी धडा असा: स्पर्धेत उतरणाऱ्या गावांतल्या लोकांना आधी प्रशिक्षण होतं. कुदळ मारण्याआधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कसं अडवायचं, हे शिकवलं गेलं. नुसता उत्साह घेऊन चर खोदले असते तर पहिल्या पावसात वाहून गेले असते.

पायविहीर, ता. अचलपूर. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी. २०१२ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड माळावर गावाने झाडं राखली, चराई आणि तोडीचे नियम केले. जंगल सावरलं आणि सीताफळ हाती आलं. गावाने ते 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने शहरात विकलं. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा भारतातला जैवविविधता पुरस्कार मिळाला. क्रम लक्षात घ्या: आधी हक्क, मग नियम, मग माल, आणि शेवटी ब्रँड. आपली नवीन मंडळी लोगोपासून सुरुवात करतात!

मेंढा (लेखा), जि. गडचिरोली. २००९ मध्ये १८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी जोडलेली आहेत. हक्काचा कागद हाती आला तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. गाव थांबलं, पण मागे हटलं नाही. त्यांची खरी ताकद दोन गोष्टींत: निर्णय सर्वसहमतीने, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात बसून अभ्यास.

नायगाव, ता. पुरंदर. हे दूरचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण इथला पुढारी स्वतः उद्योजक होता. विलासराव साळुंखे, पुण्यात इंजिनिअरिंगचा कारखाना चालवणारे. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदर भागात गेले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐका: पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, घराला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. आणि उसाला पाणी नाही. कारखान्यात कच्चा माल मोजून देण्याची सवय असलेल्या माणसाने पाण्याला तीच शिस्त लावली.

५. आता पैशाचा हिशेब

दुसऱ्या वाटेचा एक नमुना मांडू. खालचे दर उदाहरणापुरते आहेत. तुम्ही तुमच्या भागातले टाका.

काम: संत्रा बागायतदाराकडे वर्षातून चार भेटी (ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे). प्रत्येक भेटीत विहिरीची पातळी मोजून वहीत नोंद, ठिबकची गाळणी आणि नळ्या साफ करणं, बंद ड्रिपर बदलणं, क्षार साचले असतील तर ॲसिड प्रक्रिया. (ॲसिड नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा लावल्याशिवाय हे काम करायचं नाही.)

एका भेटीचे ४०० रुपये. ड्रिपर-नळीचे पैसे शेतकऱ्याचे वेगळे. ४० बागा धरल्या तर ४० × ४ × ४०० = ६४,००० रुपये जमा.

खर्च: पेट्रोल भेटीला ६० रुपये, इतर साहित्य ५० रुपये. १६० भेटींचे १७,६००. फोन, वह्या, अवजारांची दुरुस्ती ६,०००. एकूण २३,६००. उरले ४०,४००.

जोडीला रोपवाटिका. ३,००० पिशव्या, पिशवीला ९ रुपये खर्च, म्हणजे २७,०००. शंभरातली ८० रोपं जगली तर २,४००. ती २२ रुपयांनी विकली तर ५२,८००. उरले २५,८००.

दोन्ही मिळून वर्षाला ६६,२००. महिन्याला साधारण ५,५००. खरं सांगायचं तर यावर संसार चालत नाही! म्हणून पहिल्या वर्षी घरची शेती किंवा हातातलं काम सोडू नका.

मग महिन्याला १५,००० मिळवायचे तर? वर्षाला १,८०,००० हवेत. रोपवाटिकेचे २५,८०० वजा करा, फोन-वह्यांचे ६,००० मिळवा. राहिले १,६०,२००. एका भेटीत हातात उरतात २९० रुपये. भागाकार करा: ५५२ भेटी, म्हणजे १३८ बागा. महिन्याला ४६ भेटी, दिवसाला सुमारे दोन.

बघा, आता स्वप्नाचं काम झालं. १३८ बागा कुठल्या गावांत मिळतील? साहूर, तळेगाव, आष्टीच्या आजूबाजूला? एका गावात पंधरा मिळाल्या तर नऊ-दहा गावं लागतील. पेट्रोल वाढेल, मग २९० चे कदाचित २६० होतील. हे आकडे खिशात ठेवून बाजारात उतरा.

६. खरी परीक्षा इथे आहे

समजा तुमचं काम जमलं. बागायतदाराचं ठिबक नीट झालं, पाणी वाचलं. पुढच्या वर्षी तो म्हणतो, "दादा, पाणी उरते ना आता, अजून दोन एकर संत्रा लावतो."

काय झालं? त्याचा फायदा झाला, तुमचं नाव झालं, पण गावाचं मुद्दल जिथल्या तिथे. कदाचित आणखी कमी. ठिबक हे साधन आहे. वाचलेलं पाणी जमिनीत राहील की नवीन बागेत जाईल, हे साधन ठरवत नाही. ते माणसं ठरवतात.

दुसरा प्रसंग. तोच बागायतदार मार्चमध्ये तुम्हाला म्हणतो, "तुमच्याकडे सगळ्या विहिरींच्या नोंदी आहेत. बोअर कुठे लागेल सांगा, पाच हजार देतो." पाच हजार म्हणजे तुमच्या बारा-तेरा भेटींची जमा. काय कराल?

इथे दोन प्रकारचे धंदे वेगळे होतात. पाणी खाली गेलं की ज्याचं काम वाढतं, तो साठ्यावरचा धंदा. पाणी टिकलं की ज्याचं काम टिकतं, तो झऱ्यावरचा. दोन्हींत एकाच वेळी पाय ठेवलात तर तुमची नोंदवही गावाच्या भरवशाची राहणार नाही. आणि भरवसा गेला की १३८ बागांची गोष्ट विसरा. विहीर मोजू देणं म्हणजे घरातली तिजोरी दाखवणं आहे, लोक ती कुणालाही दाखवत नाहीत.

मग "नाही" म्हणायचं आणि गप्प बसायचं? नाही. त्याची अडचण खरी आहे. आंबिया बहार झाडावर आहे, पाणी तुटलं तर फळगळ होणार. त्याला पर्याय द्या: आच्छादन, पाण्याच्या पाळ्या, पुढच्या पावसाळ्याआधी विहीर पुनर्भरण. आणि तुमची वही ग्रामसभेत न्या. कुणाचं नाव न घेता फक्त गावाची सरासरी पातळी फळ्यावर लिहा: ऑक्टोबरमध्ये इतकी, मार्चमध्ये इतकी, मागच्या वर्षी इतकी.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने हेच केलं. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावरून पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं नाहीत. असे नियम सरकारच्या कागदाने टिकत नाहीत. आकडा सगळ्यांसमोर असला आणि नियम सगळ्यांना सारखा असला, तर टिकतात. तो आकडा आणणारा माणूस गावात तुम्ही असू शकता. "पर्यावरण नेतृत्व" हा जड शब्द आहे, पण गावात त्याचा अर्थ एवढाच आहे.

७. कायद्याच्या चार गोष्टी

- वनहक्क कायदा, २००६: जंगलातल्या गौण वनोपजाचा धंदा करायचा असेल तर आधी ग्रामसभेकडे जा. गावाला सामूहिक हक्क मिळाला आहे का, विचारा. परस्पर व्यापाऱ्याशी बोली करू नका.
- जैवविविधता कायदा, २००२: ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ती मागून बघा. तुमच्या मालाची पहिली यादी तिथेच सापडेल.
- बांबू: २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर, म्हणजे आपल्या वावरात लावलेला बांबू वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून बाहेर आला. धुऱ्यावर बांबू लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.
- महाराष्ट्र भूजल कायदा, २००९: खोल विहिरींवर या कायद्याने मर्यादा आहेत. बोअरचा सल्ला देणं म्हणजे नुसता पाच हजारांचा प्रश्न नाही, ते इथेही कळेल.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एक दोरी घ्या, तिला मीटर-मीटरवर गाठी मारा, टोकाला वजन बांधा. ओळखीच्या पाच विहिरींची पातळी मोजा, अर्थात मालकाला विचारूनच. तारीख टाकून वहीत लिहा.

२. तलाठ्याकडून किंवा ग्रामपंचायतीतून गावाचं एकूण क्षेत्र काढा. वरच्या पद्धतीने पावसाचं पाणी आणि पिण्याची गरज मांडा.

३. दहा बागायतदारांना विचारा: ठिबक शेवटचं कधी साफ केलं? किती पैसे द्याल? त्यांनी सांगितलेला दर लिहा, तुमच्या मनातला नको.

४. पाच हजारांच्या बोअरच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहा आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. धंदा सुरू करण्याआधी ते ठरलेलं असलं पाहिजे. मार्चमध्ये बाग सुकत असताना, समोर माणूस हात जोडून उभा असताना ते ठरवता येत नाही.

पुढच्या पाठात सेवेचा दर कसा ठरवायचा आणि उधारी कशी वसूल करायची, ते बघू. तोवर पाच विहिरी मोजून ठेवा. वही रिकामी घेऊन येऊ नका!